समासातली ओळ

शिरोळ तालुक्यात कृष्णा एके ठिकाणी रुंद वळण घेते. पूर ओसरताना नदी तिथे दरवर्षी गाळ सोडून जाते. त्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात. वांगी टाका, हरभरा टाका, शाळू टाका, तिथे सगळं येतं. यंदा माघात, कितीतरी वर्षांनी, मी तिथल्या यात्रेला गेले. जयसिंगपूरला उतरून वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपमध्ये बसले तेव्हाच वास यायला लागला. आधी गुऱ्हाळाचा, उकळत्या रसाचा आणि जळत्या चिपाडाचा. मग नदी जवळ आल्यावर पाण्याचा, गार आणि शेवाळी. त्या वासांच्या मागोमाग अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्यांत राहायचो. अण्णा कॉलेजात इतिहास शिकवायचे, आई मुलींच्या शाळेत. अण्णांनी पीएचडीला घेतलेला विषय अख्ख्या गावाला कोड्यात टाकणारा होता. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे इंग्लंडमधले अँग्लो-सॅक्सन संत, आणि त्यांची चरित्रं लिहिणारे भिक्षू. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर अण्णा मला घेऊन जायचे. समोर म्हशींची धार काढली जायची, आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देता देता तिथला म्हातारा गवळी दरवेळी तेच विचारायचा.

"सर, कशावर हाय म्हणायचं तुमचं शिक्षण?"

"इंग्लंडच्या जुन्या संतांवर."

"तिकडं बी संत हायत व्हय?"

"हायत की."

"मग आपलं संपलं काय?"

अण्णा हसायचे. मिशीला लागलेला फेस पुसायचे आणि मला म्हणायचे, "प्रश्न बरोबर आहे त्याचा."

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या विषयावरची पुस्तकं दोन-तीनच होती. बाकीची पुण्या-मुंबईहून महिन्याभराच्या बोलीवर यायची, आणि अण्णा त्यांची झेरॉक्स काढायचे. त्या गरम, किंचित ओलसर कागदांचा वास मला अजून ओळखू येतो. लॅटिन शिकायला ते वर्षभर एका म्हाताऱ्या फादरांकडे जात होते. घरात ते सगळं मराठीत बोलायचे. मॉनेस्टरीला ते मठ म्हणायचे आणि ॲबटला मठाधिपती. त्यामुळे माझ्या मनात त्या थंड समुद्रातल्या बेटांवरचे साधू कपाळाला विभूती लावून, गळ्यात लिंग घालूनच वावरायचे, आमच्या नात्यातल्या जंगमांसारखे.

संध्याकाळी वीज गेली की अण्णा गोष्टी सांगायचे. दलदलीत एकट्या राहणाऱ्या साधूच्या खांद्यावर पाकोळ्या येऊन बसायच्या, ती गोष्ट. आणि बेटावरच्या साधूची, जो समुद्रात गळ्यापर्यंत उभा राहून प्रार्थना करायचा. तो बाहेर आला की दोन पाणमांजरं यायची, आपल्या उबेनं त्याचे पाय सुकवायची आणि पुन्हा पाण्यात जायची.

"अण्णा, पाणमांजर खरंच असतं?"

"असतं की. आपल्या कृष्णेत बघितल्यात मी, लहानपणी."

मग ती गोष्ट खरीच वाटायची. आई अंधारात शेंगा सोलता सोलता विचारायची, "आणि हे बघितलं कुणी? साधू तर एकटा होता."

हा प्रश्न अण्णांना फार आवडायचा. "एक भिक्षू लपून बघत होता. त्यानं सांगितलं. लिहिणाऱ्यानं तसं लिहूनच ठेवलंय, की मी हे अमक्याकडून ऐकलं." अण्णांचा जीव चमत्कारांवर नव्हता, तो या वाक्यांवर होता. या संताचं चरित्र दोघांनी लिहिलं होतं. पहिला भिक्षू निनावी, भाषा ओबडधोबड, पण गाव कुठलं, सांगणारा कोण, हे सगळं नोंदवणारा. दुसरा मोठा पंडित. त्यानं तीच कथा सुंदर केली आणि त्या भरात बरीच साधी नावं गाळून टाकली. "हे मला पटत नाही," अण्णा म्हणायचे, जणू तो पंडित त्यांच्याच स्टाफरूममध्ये बसतो.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत बाळगोंडा पाटील आमच्याकडे आले. मोठे बागायतदार, पांढरी टोपी, आवाज असा की शेजारचे दारात यायचे. त्यांच्या गावच्या मळीत एक साधू पुरुष चाळीस वर्षं झोपडी बांधून राहिले होते. लोक त्यांना मळीतले अप्पा म्हणायचे. अप्पांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि बाळगोंडाकाका मठाच्या कमिटीचे अध्यक्ष होते.

"सर, परदेशातल्या संतांचं चरित्र तुम्हाला पाठ हाय म्हणं. मग आमच्या अप्पांचं लिवा की. म्हातारी माणसं हायत तोवर सांगतील. पुन्ना कोण सांगणार?"

अण्णा एका क्षणात हो म्हणाले. मी त्यांना इतकं खुश कधीच पाहिलं नव्हतं. आजवर ज्या लोकांचं काम ते वाचत आले होते, तेच काम आता त्यांना स्वतःला करायचं होतं.

तो उन्हाळा आमच्या घराचा सगळ्यात सुंदर उन्हाळा होता. सकाळी सातला आम्ही तिघं स्कूटरवर निघायचो. अण्णांच्या पुढे पिशवी, मागे मी, माझ्यामागे आई. हातकणंगल्याच्या पुढे रस्ता मोकळा व्हायचा आणि आई गाणं गुणगुणायची. गावोगाव लोक घोंगडं अंथरायचे, ताक द्यायचे, सांगायचे. पुराचं पाणी अप्पांच्या उंबऱ्याला लागून थांबलं. पुरात वाहून आलेले साप त्यांच्या कट्ट्यावर येऊन बसले, कुणाला डसले नाहीत. आणि सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट आकाशातल्या भाकरीची. दर सोमवारी झोपडीमागच्या बाभळीला फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या लटकलेल्या असायच्या. कोण आणतं, कुणी कधी पाहिलं नाही. देवच धाडतो, लोक म्हणायचे. म्हणून यात्रेला प्रसाद भाकरीचाच.

अण्णा पुरुषांशी बोलायचे, आई चुलीपाशी जाऊन बायकांशी. परत आल्यावर एकाच टेबलावर दोघांच्या वह्या पसरायच्या. "तुमच्यात पूर कुठल्या वर्षीचा?" आई विचारायची. "माझ्या म्हातारीनं तर पूर नव्हताच म्हणून सांगितलं." दोघं भांडायचे, हसायचे, आंब्याच्या फोडी खाताना वह्यांवर डाग पाडायचे. त्या टेबलाच्या कडेला बसून मी दोघांकडे बघायचे. आपले आईवडील एकमेकांना इतके आवडतात हे मला त्या महिन्यात कळलं.

मेच्या शेवटी एका म्हाताऱ्या नावाड्यानं बोलता बोलता म्हटलं, "अप्पांची बाई हातकणंगल्यास असती नव्हं?"

अप्पांचं लग्न झालं होतं हेच आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. स्टेशनाच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत ती भाच्याबरोबर राहायची. नाव निलव्वा. पासष्टीची, काटकुळी, कपाळभर विभूती. "बर्री," या, असं म्हणून तिनं चटई टाकली. तिचं माहेर सीमेपलीकडचं, आईचंही तिकडचंच. दोघींचं कानडीत जुळलं तसं अण्णा उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मी आत थांबले. मला कळावं म्हणून निलव्वा मध्येच मराठीत यायची. आमच्याकडच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल बोलताना 'जातो-येतो' म्हणतात, तशी तीही म्हणायची.

"त्येनी गेले तवा मी बावीस वर्साची हुतो. भांडण न्हाय, तंटा न्हाय. मन लागंना म्हणाले, गेले. दोन वर्सांनी कळलं, नदीकाठी हायत. मग मी जायला लागलो. सोमवारी पहाटंच्या पॅसेंजरनं जयसिंगपूर, तिथनं चालत. भाकरी बाभळीला बांधायची आन् मागं फिरायचं."

"इतकी वर्षं?" आईनं विचारलं.

"तेनी जाईस्तोवर."

"त्यांना माहीत होतं?"

"कवा वळून बघितलं न्हाय त्येनी. पण मागल्या सोमवारचं फडकं धुऊन, घडी घालून त्याच फांदीवर ठेवल्यालं असायचं. आकाशातल्या भाकरीचं फडकं धुतंय व्हय कोण?"

आईनं वही मिटली होती. तिनं हळूच विचारलं, "हे पुस्तकात लिहिलं तर चालेल?"

"लिवा की. त्येनी द्येव झाले, माझं काय गेलं? चांगलंच झालं. पण भाकरी मी थापलेली हाय. चटकं मला बसल्यात. तेवढं लिवा."

घरी आल्यावर अण्णांनी ते सगळं आईकडून ऐकलं आणि त्याच दुपारी लिहून काढलं. प्रकरणाच्या शेवटी त्यांनी साक्षीदाराचं नाव घातलं, अगदी त्या निनावी भिक्षूसारखं.

दिवाळीनंतर बाळगोंडाकाकांनी हस्तलिखित वाचलं आणि ते गाडी काढून आले. त्या दिवशी त्यांचा आवाज खाली होता.

"सर, ह्ये काढाय पायजे."

"का काढायचं? खरं आहे ते."

"असंल. मी न्हाय कुठं म्हणतोय? पण लोक ती भाकरी कपाळाला लावत्यात, आजाऱ्याच्या तोंडात घालत्यात. त्यास्नी काय सांगू, बाईनं थापलीती म्हणून?"

"सांगा की. त्यात कमी काय आहे?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली. अप्पांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी अप्पांना मांडीवर घेऊन पाणी पाजलं होतं. तो माणूस लबाड नव्हता. "तुमास्नी ती ओळ पायजेच असंल," ते शेवटी म्हणाले, "तर पुस्तक ऱ्हाऊ द्या."

यात्रा दोन महिन्यांवर होती. प्रबंध वर्षानुवर्षं अडकलेला, अण्णांचे मार्गदर्शक निवृत्त झालेले. हे त्यांचं पहिलं पुस्तक होतं. काका गेल्यावर अण्णा टेबलाशी बसले. अण्णांचं काम नेहमी नेटकं. त्यांनी पट्टी ठेवून त्या मजकुरावर सरळ रेघा मारल्या, एकाखाली एक, आणि वर लिहिलं, 'भाकरी कोण आणी, हे कोणास कळले नाही.' आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, टेबलावरच्या आपल्या वह्या गोळा केल्या आणि आत डब्यांच्या फळीवर नेऊन ठेवल्या. त्यानंतर ती त्या टेबलाशी बसली नाही.

माघात पुस्तक निघालं. छपाईच्या शाईचा वास, पिवळं मुखपृष्ठ, आत अण्णांचं नाव. यात्रेत मंडपात शाल-श्रीफळ झालं. मी गेले होते, आई घरीच राहिली. अण्णांचं भाषण दोन मिनिटांत संपलं. घरात सगळं पूर्वीसारखं चालू होतं, चहा, डबे, शाळा, फक्त आई अण्णांशी गरजेपुरतं बोलायची. वीज गेली की आता आम्ही नुसते बसायचो.

महिनाभरानं आई मला म्हणाली, "चल, निलव्वाला पुस्तक देऊन येऊ. मी तिला शब्द दिलाय." आम्ही दोघी पॅसेंजरनं गेलो. निलव्वानं पुस्तकाला हळदकुंकू लावलं, मग ते आईपुढे केलं. तिला वाचता येत नव्हतं.

"माझं आलंय न्हवं? ते तेवढं वाचा."

आईनं ते पान उघडलं. मी शेजारीच होते, मला छापलेली ओळ दिसत होती. आईचं बोट ओळीवर थांबलं. मग ती वाचायला लागली, स्वच्छ, न अडखळता. "हातकणंगल्याच्या निलव्वा दर सोमवारी पहाटे पॅसेंजरने येत. भाकरी त्यांनी स्वतः थापलेली असे. अप्पा फडके धुऊन, घडी घालून ठेवीत. हे आम्ही निलव्वांच्या तोंडून ऐकले."

पानावर यातलं काहीच नव्हतं. निलव्वानं डोळे मिटले होते. "फडक्याचं बी आलं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी अण्णा पेपर तपासत होते. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी.

"मी आज एका म्हातारीला खोटं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकात नाही ते तिच्यापुढे वाचलं. उद्या तिचा भाचा वाचेल, तेव्हा तिला काय सांगू?"

अण्णांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मला तेव्हा फार म्हातारा वाटला. "तू काय वाचलंस, ते मला सांग," ते म्हणाले. "शब्दन् शब्द सांग." आईनं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन हातकणंगल्याला गेले. निलव्वाला म्हणाले, "तुमच्या पुस्तकावर माझी सही राहिली." तिनं पुस्तक आणून दिलं. अण्णा चटईवर मांडी घालून बसले आणि त्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात, आईचे शब्द लिहू लागले. समास पुरेना म्हणून ओळ पानाच्या खालून वळवली आणि दुसऱ्या बाजूनं वर नेली. निलव्वा बघत होती.

"सर," ती म्हणाली, "तुमची सही लई लांब हाय की."

"व्हय," अण्णा म्हणाले. "जरा लांबच हाय."

त्यांना वर बघवत नव्हतं.

मग ते थांबलेच नाहीत. रविवार आला की स्कूटर काढायची आणि पुस्तक ज्यांनी नेलं त्या घरांत जायचं. पाव्हणा आला म्हणून लोक चहा टाकायचे. अण्णा सांगायचे, "माझ्याकडून एक ओळ राहिली आहे. पुस्तक द्या, घालून देतो." बहुतेक जण द्यायचे. देवघरातून, ट्रंकेतून, बैलांच्या झुलीखालून पुस्तकं निघायची. एका बाईनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली. एका म्हाताऱ्यानं पुस्तक हिसकावून घेतलं आणि दार लावलं. चौथ्या की पाचव्या रविवारी अण्णा स्कूटरला किक मारत होते तेव्हा आई पायात चप्पल सरकवत बाहेर आली, मागे बसली आणि म्हणाली, "बायकांना तुम्ही काय समजावणार? चला." ती दोघं गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते.

बाळगोंडाकाका एकदा आले. "सर, तुम्ही लोकांच्या देवघरात शिरून पुस्तकं खराब करायलाय म्हणं."

"माझंच पुस्तक आहे काका. चूक माझी आहे."

काका चहा प्यायले. जाताना दारात थबकून म्हणाले, "माझ्या पुस्तकाला मातर हात लावायचा न्हाय." अण्णांनी लावला नाही. पण त्या दोघांचं येणंजाणं काका जाईपर्यंत टिकलं.

निलव्वा नव्या शतकाच्या सुरुवातीला कधीतरी गेली. मी तेव्हा शिकायला पुण्याला होते. नंतर लग्न झालं, मी बाहेरच राहिले. अण्णांचा प्रबंध झाला नाही, नोंदणी दोनदा संपली. त्याचं वाईट वाटल्याचं ते कधी बोलले नाहीत. गुडघे दुखायला लागेपर्यंत त्यांचे रविवार मात्र चालू होते. किती पुस्तकांत ती ओळ गेली, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

यंदा यात्रेत मी एकटी होते. आईला आता प्रवास झेपत नाही. झोपडीच्या जागी फरशीचा मठ झालाय. बाभूळ नाही. मंडपामागे चुलींची रांग होती, बायका भाकऱ्या थापत होत्या, आणि त्या थापण्याचा आवाज लाऊडस्पीकरमधूनही ऐकू येत होता. मी प्रसादाच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा वाढणाऱ्या बाईनं भाकरी पुढे केली.

"घ्या अक्का, निलव्वाची भाकरी."

माझा हात तसाच राहिला. "कुणाची?"

"निलव्वाची. म्हाईत न्हाय व्हय? द्येवी हुती की. सोमवारी सोमवारी आकाशातनं उतरायची, अप्पास्नी भाकरी ठेवून गुप्त व्हायची. जुन्या पुस्तकात हातानं लिवलंय बगा. आमच्या सासूबाईंच्या पुस्तकात हाय."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. अण्णा असते तर त्यांनी आधी वही काढली असती.

"आकाशातनं नाही," मी म्हटलं. "पॅसेंजरनं यायची. हातकणंगल्याहून."

बाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी बघितलंसा तिला?"

"व्हय," मी म्हटलं. "घरी गेलते तिच्या. माझ्या आईनं विचारलं, तिनं सांगितलं. मी तिथंच बसलते."

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी ओरडलं, "अवो, चला की पुढं!" त्या बाईनं तिकडे लक्षच दिलं नाही. भाकऱ्यांची बुट्टी तिनं शेजारणीकडे सरकवली, माझा दंड धरून मला चुलींकडे नेलं आणि मोठ्यांदा हाक मारली, "ए, हिकडं या गं! ह्यांनी निलव्वाला बघितलंय!"

थापणं थांबलं. पिठाच्या हातांनी चौघी-पाचजणी उठून आल्या आणि माझ्याभोवती बसल्या.